कोंबडखतातली प्रतिजैविकं आणि रोपांचं नत्र: पांढुरक्या रोपांना युरिया का मानवत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात आणि प्रोट्रेच्या (रोपांसाठीच्या कप्प्यांच्या ट्रेच्या) मिश्रणात ब्रॉयलर शेडचं कोंबडखत वापरलं. टोमॅटो, मिरची, कांदा यांची उगवण चांगली झाली. मात्र आठ-दहा दिवसांनी पहिलं खरं पान येताना रोपं पांढुरकी-पिवळी पडली आणि पांढरी मुळी चालेना. नत्र कमी पडलं असेल म्हणून युरियाची आळवणी केली (पाण्यात विरघळवून मुळाशी ओतला), तर रोपं आणखीच बसली. कोंबड्यांना दिलेल्या अँटिबायोटिकचा हा परिणाम असू शकतो का? असेल तर नत्र द्यायचं की थांबवायचं, आणि द्यायचं तर कोणतं, किती?

असू शकतो. पण तसं मानण्याआधी खात्री करायला हवी, कारण हीच लक्षणं खतातल्या क्षारांमुळे आणि अमोनियामुळेही येतात, आणि बहुतेक वेळा मुख्य दोष त्यांचाच निघतो. प्रतिजैविकाचा वाटा असेल तेव्हा नत्र बंद करणं चूक आहे आणि युरिया वाढवणं त्याहून मोठी चूक. नत्र द्यायचंच, पण नायट्रेटच्या रूपात, थोडं थोडं, रोपाला पचेल तेवढं. यामागचं कारण नीट समजलं की मात्रा आपोआप सुचतात, म्हणून आधी कारण सांगतो.

जिवाणू मारणारं औषध रोपाला का बाधतं? पानातलं हरितलवक आणि पेशीतली तंतुकणिका हे दोन्ही भाग मुळात जिवाणूंच्या वंशातले. त्यांच्यात प्रथिनं बनवणारी यंत्रणा आजही जिवाणूंच्या धाटणीची आहे. ऑक्सिटेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन, टायलोसिन ही औषधं जिवाणूतली हीच यंत्रणा अडवतात, आणि रोपात शिरली की हरितलवकातलीही अडवतात. एन्रोफ्लॉक्सासिन, जे जनावराच्या शरीरात काही प्रमाणात सिप्रोफ्लॉक्सासिन बनून बाहेर पडतं, ते जिवाणूच्या डीएनएची उकल बिघडवतं. हरितलवकाला स्वतःचा डीएनए असल्यानं त्यालाही झळ बसते. सल्फा औषधं फोलेट तयार होण्याची वाट बंद करतात. माणूस आणि जनावर फोलेट अन्नातून घेतात, वनस्पती ते स्वतः बनवतात, म्हणून सल्फाचा घाव वनस्पतीवरही पडतो.

आधी तयार झालेलं हरितलवक लगेच मोडत नाही. फटका बसतो तो नव्या पानात घडत असलेल्या हरितलवकाला. म्हणून दलपत्रं (बियातून निघणारी पहिली पानं) हिरवी आणि मधला शेंडा पांढुरका, असं चित्र दिसतं. नत्राच्या कमतरतेत याच्या उलट होतं: रोप खालच्या जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला पुरवतं, त्यामुळे पिवळेपणा खालून वर चढतो. तुमच्या वर्णनात शेंडा आधी पांढुरका झाला आहे. इथेच युरियाचा अंदाज चुकला.

आता नत्राचा प्रवास पाहू. मुळीनं नायट्रेट घेतलं की ते पेशीत आधी नायट्राइट होतं. मग ते हरितलवकात जाऊन अमोनियम होतं, आणि या पायरीला लागणारी ताकद थेट प्रकाशसंश्लेषणातून येते. शेवटी अमोनियम कार्बनच्या सांगाड्याला जोडलं जाऊन ग्लुटामिन बनतं, म्हणजे प्रथिनांचा कच्चा माल. हरितलवक अर्धवट झालेलं असेल तर ताकदही कमी आणि साखरेतून येणारे सांगाडेही कमी. अशा रोपाला अमोनियम दिलं तर ते साठवता येत नाही. तिथल्या तिथे जोडलं नाही तर पेशीला विषारी ठरतं. नायट्रेटचं तसं नाही. रोप ते पेशीच्या पोकळीत साठवून ठेवतं आणि ताकद येईल तसं वापरतं. आजारी माणसाला जेवणाचं ताट वाढण्याऐवजी घोट घोट पेज द्यावी, तसा हा फरक आहे.

दुसरी अडचण मातीत आहे. युरिया दिल्यावर उबदार हवामानात दोन-चार दिवसांत त्याचं अमोनियम होतं. पुढे जिवाणू आणि आर्किया गटातले सूक्ष्मजीव त्याचं नायट्रेट करतात. प्रतिजैविक असलेल्या मिश्रणात जिवाणूंचं हे काम मंदावतं. आर्किया तुलनेनं कमी बाधित होतात, पण भरपूर खत घातलेल्या वाफ्यात कामाचा मोठा भाग जिवाणूंकडेच असतो. परिणामी अमोनियम तसंच साचून राहतं. आपल्या चुनखडीच्या जमिनींचा सामू (पीएच) ८ च्या पुढे असतो, ताजं कोंबडखतही अल्कधर्मी असतं. २५ अंश तापमानाला सामू ८ असताना अमोनियमचा सुमारे ५ टक्के भाग अमोनिया वायूच्या रूपात असतो, ८.५ ला सुमारे १५ टक्के आणि ९ ला सुमारे ३६ टक्के. कोवळ्या मुळीच्या टोकाला हा वायू थेट जाळतो. म्हणजे औषधानं पचन बिघडवलं, वर नायट्रेटची वाट अडवली, आणि त्यात युरियानं अमोनियाची भर घातली. रोपं बसली ती अशी.

नत्राचा प्रकार औषधाच्या शिरकावावरही परिणाम करतो. मुळी नायट्रेट घेते तेव्हा आसपासचा सामू थोडा वाढतो, अमोनियम घेते तेव्हा उतरतो. सल्फा औषधं अल्कधर्मी पाण्यात ऋणभारित असतात आणि मुळीच्या पेशींचा आतला भारही ऋण, त्यामुळे ती सहज आत जात नाहीत. सामू ६ च्या खाली आला की त्यांचा मोठा भाग भाररहित होऊन पेशीत घुसतो. चुनखडीच्या काळ्या जमिनीत सामू सहसा हलत नाही, तिथे हा फरक किरकोळ आहे. कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) मात्र सामू धरून ठेवणारं फारसं काही नसतं. तिथे आठवडाभर नुसतं अमोनियमचं खत दिलं तर मुळीजवळचा सामू झपाट्यानं घसरतो. टेट्रासायक्लिन गटाचा स्वभाव निराळा. ती कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला घट्ट धरतात. डॉक्टर या गोळ्या दुधाबरोबर घेऊ नका म्हणतात ते याचसाठी: कॅल्शियमला चिकटलेलं औषध आतड्यातून नीट शोषलं जात नाही. मुळीजवळही साधारण तेच घडतं. म्हणून नायट्रेट देण्यासाठी कॅल्शियम नायट्रेट निवडलं तर एका खतात दोन्ही गोष्टी साधतात.

मग नत्र थोडे दिवस बंदच का ठेवू नये? कारण विष निकामी करायलाही रोपाला नत्र लागतं. पेशीत ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू असतो, त्यात नत्र आणि गंधक दोन्ही असतात. औषधामुळे पेशीत तयार होणारे मारक ऑक्सिजन-घटक तो शमवतो, आणि काही पिकांत तो औषधालाच चिकटून त्याला निरुपद्रवी करतो. मका क्लोरटेट्रासायक्लिनच्या बाबतीत हे करू शकतो. राजम्याच्या गटातल्या घेवड्याला ते जमत नाही असं प्रयोगांत दिसलं आहे, आणि तो या औषधांना मक्यापेक्षा बराच लवकर बळी पडतो. नत्राची उपासमार झालेलं रोप ही ढाल तयार करू शकत नाही. उलट नत्र जास्त झालं तर पान लुसलुशीत आणि मोठं होतं, मुळी त्या मानानं लहान राहते, पाणी जास्त ओढलं जातं आणि पाण्याबरोबर औषधही जास्त येतं. शिवाय मर रोगाला आयतं निमंत्रण. योग्य मात्रेचा पट्टा अरुंद आहे, आणि रोपवाटिकेत तो पाळणं शक्य असतं.

शेतात न दिसणारा त्रास रोपवाटिकेतच का दिसतो, ते साध्या हिशेबानं कळेल. समजा खतात किलोमागे १० मिलीग्रॅम ऑक्सिटेट्रासायक्लिन आहे. एकरी २ टन खत पसरलं तर २० ग्रॅम औषध पडलं. एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण ९ लाख किलो माती असते, म्हणजे मातीत किलोमागे सुमारे २२ मायक्रोग्रॅम. पशुवैद्यकीय औषधांच्या पर्यावरणीय तपासणीत किलोमागे १०० मायक्रोग्रॅम ही पुढची सखोल तपासणी सुरू करण्याची आंतरराष्ट्रीय रेषा धरतात. त्या रेषेच्या आपण बरेच खाली आहोत. आता तेच खत वाफ्याच्या मिश्रणात वजनानं दहावा हिस्सा घातलं, तर किलोमागे १,००० मायक्रोग्रॅम झाले. जवळपास पंचेचाळीसपट, आणि तेही ज्या वयात रोपाला औषध सर्वांत जास्त बाधतं त्या वयात. काळ्या मातीतली चिकणमाती टेट्रासायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सासिनला थरांमध्ये जखडून ठेवते, त्यामुळे तिथे धोका आणखी कमी. कोकोपीट किंवा वाळूच्या मिश्रणात हे संरक्षण कमी असतं.

आधी खात्री: चार भांडी, थोडा कोळसा

पक्का पुरावा प्रयोगशाळेतल्या एलसी-एमएस चाचणीचाच (ती औषधाचा रेणू ओळखून मोजते). ती महाग आहे आणि वेळ खाते. तोवर घरी करता येईल अशी चाचणी बरंच सांगून जाते.

वापरलेलं खत १०० ग्रॅम आणि स्वच्छ पाणी १ लिटर, दोन तास अधूनमधून ढवळा, निवळू द्या, सुती कापडातून दोनदा गाळा. ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) मोजा आणि पाणी घालून ती १ वर आणा. मीटरशिवाय ही चाचणी करू नका. ईसी ३ असलेल्या अर्कात कोणतंही बी रुसणारच आणि त्याचा दोष औषधावर जाईल. या अर्काचे दोन भाग करा. एका भागात लिटरला १० ग्रॅम सक्रिय कोळशाची पूड घालून दोन तास ढवळा आणि गाळा. कोळसा औषधासारखे सेंद्रिय रेणू धरतो. क्षार आणि अमोनियम बहुतांशी तसेच राहतात. तिसरं भांडं नुसत्या पाण्याचं. चौथ्यात लिटरला अर्धा ग्रॅम मीठ घातलेलं पाणी ठेवा, त्याची ईसी साधारण १ येते. कोळशानंतर ईसी आणि सामू पुन्हा मोजायला विसरू नका, स्वस्त कोळशात राख असते.

प्रत्येकी २० बिया ओल्या टिश्यू कागदावर ठेवा, मोहरीच्या किंवा टोमॅटोच्या, पण बुरशीनाशक न लावलेल्या. पाच दिवसांनी उगवण मोजून थांबू नका. उगवण चारही भांड्यांत सारखीच दिसण्याची शक्यता मोठी, कारण बी स्वतःच्या शिदोरीवर उगवतं. मोजायची ती मुळीची लांबी, पट्टी लावून, प्रत्येक रोपाची. मिठाच्या भांड्यातली मुळी ठीक, साध्या अर्कातली आखूड व टोकाला तपकिरी, आणि कोळसा लावलेल्या अर्कातली पुन्हा लांब, असं आलं तर दोष क्षारांचा नाही, एखाद्या सेंद्रिय रोधकाचा आहे. दोन्ही अर्कांत मुळी सारखीच आखूड असेल तर आधी अमोनियाचा संशय घ्या.

हा सेंद्रिय रोधक प्रतिजैविकच असेल असं नाही. अर्धकच्च्या खतातली आम्लं आणि फिनॉलही कोळशाला चिकटतात. म्हणून पुढची पायरी महत्त्वाची: ही रोपं कोकोपीटमध्ये लावून तेच अर्क देत १२ ते १४ दिवस उजेडात वाढवा. खरं पान पांढुरकं येणं ही प्रतिजैविकाची खूण, फिनॉलची नाही. लोहाच्या कमतरतेतही नवं पान पिवळं पडतं, पण तिथे शिरा हिरव्या राहून जाळी उठून दिसते. इथे शिरांसकट पान फिकं होतं. शंका राहिली तर एका पानावर लोहाच्या चिलेटचं (पानाला सहज घेता येणाऱ्या लोहाच्या खताचं) पाणी लावा. चार दिवसांत त्या जागी हिरवं आलं तर प्रश्न लोहाचा होता. अमोनियाच्या बाधेत पानाच्या कडा खाली वळतात, मुळीची टोकं करपतात, आणि ट्रे सकाळी उघडला की वास येतो.

आणखी एक कारण तपासा, कारण ते फार वेळा नजरेआड होतं: रोपांवर स्ट्रेप्टोसायक्लिन फवारलं होतं का? त्यात ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि १० टक्के टेट्रासायक्लिन असतं. करप्याच्या भीतीनं ठरलेल्या मात्रेच्या दुप्पट-तिप्पट फवारा, किंवा त्याचीच आळवणी, हे कोवळ्या रोपाचा शेंडा पांढरा पाडायला पुरेसं आहे. शेतीतल्या या मिश्रणावर बंदी घालण्याचा मसुदा केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये काढला, तो प्रतिकारक जिवाणूंच्या धोक्यामुळे. रोपवाटिकेत ते न वापरण्याला हे आणखी एक कारण आहे.

नत्र कसं द्यायचं

टोमॅटो आणि कांद्याचं बी लहान, त्याची शिदोरी आठवड्याभरात संपते. मका, हरभरा, वाल यांची दहा-बारा दिवस पुरते. म्हणून लहान बियांच्या पिकांना पहिलं नत्र वेळेवर हवं, मोठ्या बियांना घाई नको.

टोमॅटो-मिरचीला दलपत्रं उघडेपर्यंत नुसतं पाणी. पहिलं खरं पान टोक दाखवू लागलं की कॅल्शियम नायट्रेट १०० लिटर पाण्यात ३२ ग्रॅम. या खतात १५.५ टक्के नत्र असतं, त्यामुळे हे पाणी लिटरला ५० मिलीग्रॅम नत्र देतं. आठवड्यातून दोनदा, ९८ कप्प्यांच्या ट्रेला एका वेळी साधारण अर्धा लिटर, गादीवाफ्याला चौरस मीटरमागे २ लिटर. मधल्या दिवसांत साधं पाणी. दुसरं खरं पान हिरवं येताना दिसलं तर मात्रा ४८ ग्रॅमवर आणि आठवड्यानं ६५ ग्रॅमवर न्या. ६५ ग्रॅम म्हणजे लिटरला १०० मिलीग्रॅम नत्र. बाधित रोपांना याच्या पुढे जाऊ नका. निरोगी रोपं १५० सहन करतात म्हणून यांनाही तेवढं द्यावं असं होत नाही.

बोअरच्या पाण्यात आधीच नायट्रेट असेल तर ते वजा करा. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलीग्रॅम नायट्रेट आहे. एवढं असलेलं पाणी १० मिलीग्रॅम नत्र फुकट देतं. बागायती पट्ट्यातल्या विहिरींचे अहवाल पाहिले तर हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नसतो.

कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीत १२:६१:० (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे) किंवा कोणतंही सल्फेट टाकू नका, फेसाळ पांढरा गाळ बसतो आणि दोन्ही खतं वाया जातात. स्फुरद हवंच असेल तर वेगळ्या दिवशी १०० लिटरला २० ग्रॅम १२:६१:० पुरे. त्यातलं अमोनियम इतकं थोडं असतं की चालतं. एकूण नत्रात अमोनियम पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहिलं तर टोमॅटोला ते उलट मानवतं. १९:१९:१९ मात्र या दिवसांत लांब ठेवा, कारण त्यातलं बहुतेक नत्र युरिया आणि अमोनियमचं असतं, आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत फक्त एकूण आकडा दिसतो. ज्यांना युरिया टाळायचा आहे असं पक्कं माहीत असतं, तेही इथे चुकतात.

गंधक आणि मॅग्नेशियमसाठी मॅग्नेशियम सल्फेट लिटरला २ ग्रॅम, एकदाच फवारणी, सायंकाळी. ग्लुटाथायोनचं गंधक आणि हरितद्रव्याचं मॅग्नेशियम दोन्ही मिळतात, आणि टेट्रासायक्लिननं अडवलेल्या मॅग्नेशियमची थोडी भरपाई होते.

नायट्रेटची आळवणी सकाळी ऊन पडल्यावर करा. नायट्रेट पचायला उजेड लागतो. ढगाळ आठवड्यात मात्रा निम्मी, कारण पान तेव्हा नायट्रेट घेतं पण पुढे नेत नाही. दुपारच्या कडक उन्हात मात्र अशा रोपांना शेडनेटची सावली हवी. हरितद्रव्य कमी असलेलं पान जास्तीचा उजेड हाताळू शकत नाही आणि कडेनं भाजतं. ११ ते ४ सावली, सकाळी मोकळं ऊन, हा मेळ जमवायला मजुरी लागते, पण रोपं वाचवायची तर तीच करावी लागते.

मिश्रणातलं औषध कमी करणं बरोबरीनं चालू ठेवा. पऱ्हाट्यांचा किंवा लाकडाचा बारीक कोळसा आकारमानानं २ ते ५ टक्के मिसळता आला तर तो औषध धरून ठेवतो. ट्रेमध्ये रोपं असताना मिसळता येत नाही, वरून भुरभुरल्याचा उपयोग नगण्य. भरपूर पाणी सोडून धुऊन काढणं सल्फाच्या बाबतीत चालतं, कारण ती पाण्याबरोबर वाहतात. टेट्रासायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सासिन मातीला चिकटलेली असतात, तिथे धुण्यानं फक्त नत्र वाहून जातं आणि वाफा गारठून मर रोग येतो. म्हणून शेडवाल्याला विचारा की शेवटच्या बॅचला कोणतं औषध पाण्यातून दिलं होतं. हा एक प्रश्न अर्ध्या चाचण्या वाचवतो. कोलिस्टिनचं उत्तर आलं तर ते बेकायदा आहे. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापराला जुलै २०१९ पासून देशात बंदी आहे.

पांढरं झालेलं पान पुन्हा हिरवं होणार नाही, त्याकडे पाहून खत वाढवू नका. पाहायचं ते पुढचं पान. दहा-बारा दिवसांत नवं पान हिरवं आणि मुळीचं टोक पांढरं दिसलं तर रोप सावरलं. शेंडाच पांढरा राहिला तर ते रोप काढून टाका. ते लागवड झाल्यावरही मागेच राहतं आणि शेतात जागा अडवतं.

पुढच्या खेपेला खत

कोंबडखत चांगलं खत आहे, ते टाकून द्यायची गरज नाही. ताजं रोपवाटिकेत नको, एवढंच. भाताच्या तुसाचं ब्रॉयलर खत आणि उसाचं पाचट कोरड्या वजनानं सम प्रमाणात घेतलं की कर्ब-नत्र गुणोत्तर २५ च्या आसपास येतं. ओलावा मुठीत दाबल्यावर थेंब टपकणार नाही, पण हात ओला होईल इतका. ढीग दीड मीटर उंचीचा, पाच ते सात दिवसांनी पलटी, आत काठीचा थर्मामीटर खुपसून ५५ अंशांच्या वर किमान १५ दिवस. पाचट कमी पडलं तर ढीग तापतो खरा, पण नत्र अमोनिया होऊन उडून जातं. नाकाला झोंबलं की पाचट वाढवा. दोन-तीन महिन्यांत टेट्रासायक्लिन आणि बहुतेक सल्फा बऱ्याच प्रमाणात मोडतात. एन्रोफ्लॉक्सासिन चिवट आहे. ते दिलेल्या शेडचं खत कुजवूनही रोपवाटिकेत वापरू नका, शेतात पातळ पसरा.

स्लरी आणि जीवामृताबद्दल एक सूचना. आजारी जनावराला इंजेक्शन चालू असेल तर त्याचं शेण-गोमूत्र दोन-तीन आठवडे बाजूला ठेवा. चार-पाच दिवस आंबवल्यानं औषध मोडत नाही, आणि ज्या जिवाणूंसाठी आपण जीवामृत करतो त्यांनाच ते मारतं. हेच कडधान्यांना लागू आहे. रायझोबियम लावलेल्या सोयाबीन, तूर, मुगाच्या बियांना स्ट्रेप्टोमायसिनची प्रक्रिया करणं म्हणजे पैसे देऊन आणलेलं जिवाणू खत धुऊन टाकणं. औषधाचा संशय असलेल्या जमिनीत २५ ते ३० दिवसांनी पाच-सहा झाडं मुळांसकट उपटून गाठी कापून पाहा. आतून गुलाबी असतील तर नत्र स्थिर होतंय, वरचं नत्र नको. पांढऱ्या किंवा हिरवट असतील, किंवा गाठीच नसतील, तर २ टक्के युरियाची फवारणी करा. झाड मोठं झालेलं असतं आणि युरिया पानातून जातो, त्यामुळे इथे तो चालतो.

भात याला अपवाद. त्याची मुळी अमोनियमवर वाढलेली, आणि चिखलात नायट्रेट दिलं तर ते हवेत उडून जातं. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत अमोनियाचा वायू होण्याची भीतीही फारशी नाही. तिथल्या रोपांना अमोनियम सल्फेटच द्या, फक्त ठरलेला हप्ता एकदम न देता दोन-तीन भागांत.

शहराच्या सांडपाण्यावर भाजीची रोपं करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे औषध रोज थोडं थोडं येत राहतं. औषध कारखान्यांच्या सांडपाण्याची टोकाची नोंद हैदराबादजवळच्या पाटणचेरूची: २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात लिटरला ३१ मिलीग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलं होतं. घरगुती सांडपाण्यात प्रमाण त्याच्या हजारो पटींनी कमी असतं आणि पान पांढरं पडण्याइतकं सहसा नसतं. तिथली काळजी प्रतिकारक जिवाणूंची. पुण्यात मुठेच्या गाळात शेवटच्या फळीच्या प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुकं भरपूर असल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं आहे. अशा पाण्यात नत्रही भरपूर असतं, तेही बरंचसं अमोनियमचं. रोपांसाठी विहिरीचं पाणी वापरा आणि सांडपाण्याचं नत्र उसासारख्या पिकाच्या हिशेबात धरा.

तुमच्या हातात आत्ता असलेलं बिघडलेलं मिश्रण फेकू नका आणि पुन्हा ट्रेमध्येही भरू नका. चारा-मक्याच्या किंवा उसाच्या शेतात पातळ पसरून मातीत मिसळा. मेथी, कोथिंबीर, पालक त्या जागी या हंगामात घेऊ नका, कारण पालेभाज्या औषध पानात ओढतात आणि आपण तेच पान खातो. ट्रे ब्रशनं घासून धुवा, कप्प्याच्या तळाशी चिकटलेली मुळं आणि कोकोपीट निघालं पाहिजे, आणि दोन दिवस कडक उन्हात पालथे न घालता उताणे ठेवा, म्हणजे आतल्या भिंतींवर ऊन पडेल. टेट्रासायक्लिन उजेडात मोडतं.